गोड न खाणाऱ्यांचे सणाचे पान

पुरणपोळीला तोंड न लावणाऱ्या मुलाला सणाच्या दिवशी वेगळे नूडल्स करून दिले, की ते पंगतीतूनच उठते. त्यापेक्षा त्याच स्वयंपाकातून त्याचे पान वाढावे. पुरणाची शिजलेली हरभरा डाळ निथळल्यावर, गूळ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा. जिरे, हळद, मीठ घालून वाटा आणि पोळीच्याच कणकेत भरून पराठा लाटा. सोबत दही, आपल्या इंदुरी मुलांसाठी वर शेव. गणपतीत मोदकांच्या उरलेल्या उकडीत जिरे, मीठ, कोथिंबीर आणि बेताने हिरवी मिरची मळून छोट्या चपट्या निवगऱ्या थापा, १० मिनिटे वाफवा. हा पदार्थ तर आपल्याकडे जुनाच आहे. वेगळा घाट न घालता सगळे एकाच पंगतीत जेवतात.