‘धन्य’ कोण? : ख्रिस्ती शास्त्रमनन आणि पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर

प्रास्ताविक

ख्रिस्ती उपासनेत पवित्र शास्त्राच्या वाचनाला मध्यवर्ती स्थान आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र या वाचनातून आनंद व आशीर्वाद लाभतो असे भाविक म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय अभिप्रेत असते, हा प्रश्न श्रद्धेचा म्हणून सहसा बाजूला ठेवला जातो. पारायण केले की फळ मिळते, ही फलश्रुतीची चौकट आपल्या परिचयाची आहे. ख्रिस्ती शास्त्रपाठालाही आपण नकळत तीच लावतो. या परंपरेच्या मूळ शब्दांचा विचार करता आनंद वाचनाच्या शेवटी मिळणारा नाही, तो वाचनाच्या क्रियेतच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मताची कसोटी म्हणून पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बायबल-भाषांतराचे उदाहरण येथे घेतले आहे.

‘धन्य’ आणि ‘आशीर्वाद’

मराठी बायबलमध्ये स्तोत्रसंहितेचा आरंभ ‘धन्य’ माणसाच्या वर्णनाने होतो आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनातही हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. पहिल्या ठिकाणी मूळ हिब्रू शब्द ‘अश्रे’ आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ग्रीक ‘मकारिओस’. आशीर्वादासाठी हिब्रूत ‘बेराखा’ हा वेगळाच शब्द आहे. आशीर्वाद कोणीतरी कोणालातरी देतो. त्यात दाता असतो. ‘अश्रे’मध्ये असे देणे-घेणे नाही. या माणसाचे बरे चालले आहे, याचे जगणे योग्य जागी आहे, एवढे पाहून काढलेला तो उद्गार आहे. म्हणूनच हिब्रू बायबलात ‘बारूख’ हे विशेषण देवालाही लागते. ‘अश्रे’ फक्त माणसाविषयी येतो. मराठीतील ‘धन्य’ हा शब्द हा भेद चांगला सांभाळतो. ‘धन्य झालो’ असे म्हणणारा मनुष्य काही मिळाल्याचा हिशेब सांगत नसतो.

पहिल्या स्तोत्रातील हा धन्य पुरुष करतो तरी काय? तो नियमशास्त्रात रमतो आणि रात्रंदिवस त्याचे मनन करतो. ‘मनन’ या आपल्या शब्दाने येथे थोडी दिशाभूल होते. मूळ क्रियापद ‘हागा’ हे आवाजाचे आहे. यशयाच्या ग्रंथात तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी वापरले आहे. म्हणजे हे मनन डोळे मिटून केलेले चिंतन नव्हे. ओठांनी पुटपुटत, शब्द तोंडात घोळवत केलेला पाठ आहे. बाराव्या शतकातील दुसरा गिगो या मठवासी लेखकाने वाचन, मनन, प्रार्थना व दर्शन अशा चार पायऱ्या सांगितल्या. त्याही मागे शब्द चघळण्याची हीच कल्पना आहे. हरिपाठ ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

एकशे एकोणिसावे स्तोत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांना प्रत्येकी ८ अशा १७६ ओव्या, आणि विषय एकच : देवाचे वचन. आधुनिक वाचकाला त्यातील पुनरुक्तीचा कंटाळा येतो. पण पुनरुक्ती हीच तेथे भक्तीची पद्धत आहे. कवीला कोठे पोहोचायचे नसते.

ऐकणारी स्त्री

लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक छोटा प्रसंग आहे. गर्दीतील एक स्त्री येशूला जन्म देणाऱ्या आणि दूध पाजणाऱ्या मातेला धन्य म्हणते. येशू उत्तर देतो, की देवाचे वचन ऐकून पाळणारे अधिक धन्य. स्त्रीचे भाग्य मातृत्वाने मोजणाऱ्या समाजात ते श्रवणाने मोजणे हे लहान विधान नाही. या प्रसंगाचे वजन रमाबाईंच्या चरित्राशेजारी ठेवले की विशेष जाणवते.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, पण वेद वगळून. १८७८ मध्ये कलकत्त्यात रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, तेव्हाही वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रीला नाही, ही समजूत त्यांच्या मनात होती. वेद वाचण्याचा आग्रह त्यांना केशवचंद्र सेन यांनी केला, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितले आहे. पुढे सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली. पतीचे निधन १८८२ चे, इंग्लंडमधील बाप्तिस्मा १८८३ चा. या तपशिलांची चर्चा आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या वादातच अडकते. ग्रंथापासून दूर ठेवलेल्या स्त्रीला ग्रंथ हाती घेणे हाच आशीर्वाद वाटला असेल, ही बाजू त्या वादात हरवते.

केडगावच्या मुक्ती सदनात १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या शेकडो मुली होत्या. त्यांना कळेल असे बायबल हवे म्हणून रमाबाईंनी उत्तर आयुष्यात हिब्रू व ग्रीकचा अभ्यास केला आणि मुळावरून भाषांतर आरंभले. प्रचलित मराठी भाषांतराची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर व दुर्बोध वाटत असे. संस्कृत पंडितेने संस्कृत शब्द टाळण्याचा असा प्रयत्न करावा, यातच त्यांचा हेतू स्पष्ट होतो. खिळे जुळवणे, छपाई ही कामेही तेथील स्त्रियांनीच केली. ज्या मुलींना अक्षरओळख नव्हती, त्यांच्या हातून शास्त्राची पाने छापली गेली. प्रकटीकरणाच्या आरंभी मोठ्याने वाचणारा आणि ते ऐकणारे असे दोघेही धन्य म्हटले आहेत. केडगावला त्यात छापणाऱ्याही आल्या.

दुःखाचा प्रश्न

पहिल्या स्तोत्रातील धन्य पुरुषाचे सर्व काही सफल होते, असेही तेथे म्हटले आहे. या एका वाक्याच्या आधारे शास्त्रवाचनाला आरोग्याची व संपत्तीची हमी मानणारे प्रवचनकार आज पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकास हा अर्थ अपुरा वाटतो. त्याच संहितेत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचा कवी तर वचनात आनंद नसता तर आपण दुःखातच नष्ट झालो असतो, अशा आशयाची कबुली देतो. म्हणजे दुःख टळलेले नाही. मत्तयातही शोक करणारे धन्य आहेत.

रमाबाईंची श्रवणशक्ती क्षीण होत गेली होती. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. भाषांतराचे काम तरीही थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुळाला फार चिकटून राहिल्याने या भाषांतराची वाक्ये अनेक ठिकाणी अवघडलेली आहेत आणि मराठी चर्चमध्ये ते रूढ झाले नाही, हे मान्य करावे लागते. तरी आनंद, कृपा, तारण या संकल्पनांसाठी त्यांनी कोणते शब्द घेतले व कोणते सोडले, याची प्रचलित मराठी बायबलशी ओळीगणिक तुलना करणे हे मराठी व स्त्री-अभ्यास विभागांना मिळून हाती घेण्यासारखे काम आहे.