स्वतःचीच वाट पाहणारा प्रोग्राम

एका साध्या प्रोग्रामची कल्पना करा. त्याने एक फाइल ‘एममॅप’ने आपल्या मेमरीशी जोडून घेतली. मग लिनक्सच्या कर्नेलला सांगितले, याच फाइलीत अमुक मजकूर लिही. मजकूर घ्यायचा कुठून? तर जोडलेल्या त्याच पानावरून. मागणी विचित्र आहे, पण बेकायदा नाही. तिला विशेष अधिकारही लागत नाहीत.

कर्नेल त्या पानाला कुलूप लावतो आणि मजकूर उतरवू लागतो. परंतु पान डिस्कवरून अजून मेमरीत वाचलेलेच नसते, म्हणून पेज फॉल्ट होतो. तो हाताळणारा भाग पान वाचून आणण्यासाठी त्याचेच कुलूप मागतो. कुलूप असते त्याच प्रोग्रामकडे, आणि तो तर फॉल्ट मिटण्याची वाट पाहत थांबलेला! हाच डेडलॉक. लिहिणारा भाग बरोबर, फॉल्ट हाताळणाराही बरोबर. चूक दोघांच्या भेटीत आहे.

पहिला उपाय सोपा होता. कुलूप लावण्याआधी मजकुराच्या पानाला एकदा स्पर्श करायचा, म्हणजे फॉल्ट आधीच होऊन जातो. पण स्पर्श आणि कुलूप यांमध्ये एक फट उरते. मेमरीची टंचाई असेल, तर तेवढ्यात पान बाहेर काढले जाऊ शकते.

ही फट निक पिगिन यांच्या 2007 मधील दुरुस्तीने बुजवली. जानेवारी 2008 च्या 2.6.24 आवृत्तीत ती आली. कुलूप हाती असताना फॉल्ट हाताळायचाच नाही. पान नसेल तर उतरवणे अर्धवट सोडायचे, कुलूप उघडायचे, पानाला पुन्हा स्पर्श करायचा आणि नव्याने सुरुवात करायची. पान आधी पूर्ण वाचलेले नसेल, तर अर्धवट उतरलेले बाइटही शून्य धरायचे. नाहीतर फाइलीत कचरा जाईल.

कॉफमन आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या. त्यांतली एक म्हणजे एक वस्तू धरून ठेवून दुसरीची वाट पाहणे. ही दुरुस्ती नेमकी तीच अट मोडते. 2021 मध्ये जीएफएस-2 या फाइल सिस्टीममध्ये याच जातीचा डेडलॉक सोडवताना तोच मार्ग धरावा लागला.

कुलूप अधिक भक्कम करून हा प्रश्न सुटत नाही. हातचे सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची तयारी ठेवली, तरच तो सुटतो.