सनद इथली, वकिली तिथली

1920 साली बाबासाहेब आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना पैशाची मदत केली. लंडनच्या ग्रेज इन या वकिली संस्थेतून बॅरिस्टर होऊन आलेल्याला तेव्हा मुंबई हायकोर्टात वकिली करता येई. उलट दिशेला मात्र दार असे उघडत नाही. कोल्हापूरच्या शहाजी लॉ कॉलेजची पदवी आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद घेऊन लंडनच्या कोर्टात उभे राहता येत नाही.

इंग्लंडात सॉलिसिटर व्हायचे तर एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा द्यावी लागते. पहिल्या टप्प्यात 360 वस्तुनिष्ठ प्रश्न, दुसऱ्यात अशिलाची मुलाखत, मसुदालेखन, युक्तिवाद. दोन वर्षांच्या उमेदवारीची अट परदेशी सनदधारकाला लागू नाही, आणि ही सवलत छोटी नव्हे. कॅनडात आधी पदवीची छाननी, मग नेमून दिलेले पेपर, शिवाय प्रांताच्या अटी.

खरी अडचण परीक्षेपुढची. सातबाऱ्याच्या वादात मुरलेला वकील तिथे नवशिकाच. करार, लवाद, कंपनी कायदा केलेल्याचा निभाव लवकर लागतो, असे मला वाटते. आणि तिकडे पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत, तर इथली सनद नियमाप्रमाणे स्थगित करून घ्यावी लागते.