आठवणींची उलटतपासणी

पुण्यातल्या जुन्या माणसांना एखादी गोष्ट कधी घडली ते विचारून पाहा. साल सांगणारा विरळाच. ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी मुंज झाली’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरली पाळण्यात होती’ अशी उत्तरं येतील. लातूर-धाराशिवकडे हेच काम किल्लारीचा भूकंप करतो. नातवंडांना याचं हसू येतं. पण आजी-आजोबांची ही रीत मानसशास्त्राच्या कसोटीवर चोख उतरलेली आहे. १८ मे १९८० रोजी अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी फुटला. पुढे एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना विचारलं, गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे चोरी, तुम्हाला मारहाण, असं काही झालं का? लोक त्याआधीची चोरीही या सहा महिन्यांत ओढून आणत. हाच प्रश्न ‘ज्वालामुखी फुटल्यापासून’ असा विचारला, की ही ओढाताण बरीच कमी होई. १९८३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

मनाला प्रसंग धरून ठेवता येतो, तारीख नाही. हे ठामपणे सांगता येतं ते विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञामुळे. खासगी डायरीचा इतका चिवट वैज्ञानिक वापर फार थोड्यांनी केला असेल. १९७८ ते १९८४ अशी सहा वर्षं त्यांनी दिवसाला एखाद-दुसरा प्रसंग टिपून ठेवला. सुमारे २,४०० प्रसंग. नोंद चार खणांत करायची: कोण, काय, कुठे, कधी. सोबत प्रसंगातला एक बारकावा प्रश्नोत्तराच्या रूपात लिहायचा. प्रसंग किती दुर्मीळ, मन त्यात किती गुंतलं होतं, तो सुखाचा होता की दुःखाचा, यालाही तिथल्या तिथे गुण द्यायचे.

एक नोंद बघा. कोण: लिओनार्दो दा विंची. काय: त्याचं ‘लास्ट सपर’ हे चित्र पाहायला गेलो. कुठे: मिलानमधलं एक चर्च. कधी: शनिवार, १० सप्टेंबर १९८३. आणि बारकावा: बरोबर कोण होतं? उत्तर, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जेम्स रीझन. म्हणजे मघाच्या ज्वालामुखीवाल्या लॉफ्टसबाईच. स्मृती कशी फसवते यावर आयुष्य वेचणारी माणसं एकत्र सहलीला गेली, तर चहाच्या टेबलावर काय बोलत असतील, असा एक चावट विचार मनात येतो.

परीक्षेच्या वेळी वागेनार यांना एकेका प्रसंगाचा एकच खण दाखवला जाई. तेवढ्यावरून आठवलं नाही तर दुसरा, मग तिसरा. ‘काय’ हा खण सगळ्यांत गुणी निघाला. ‘कोण’ आणि ‘कुठे’ही कामाला आले. ‘कधी’ मात्र जवळजवळ निरुपयोगी. नुसती तारीख वाचून काहीच डोळ्यांसमोर येईना. तुम्हीही करून बघा. १४ ऑक्टोबर २०१९ या दिवशी काय केलंत? परीक्षेचा निकाल किंवा घरातलं लग्न त्या दिवशी नसेल, तर समोर कोरी भिंत.

काही प्रसंग चारही खण उघडून हाती लागले नाहीत. वाटावं, पुसलेच गेले. त्यांतल्या दहा प्रसंगांच्या वेळी हजर असलेल्या माणसांना वागेनार जाऊन भेटले. त्यांनी आणखी काही तपशील सांगितले आणि दहाही प्रसंग परत आले. माझ्या मते सगळ्या प्रयोगातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. आपण ज्याला ‘विसरलो’ म्हणतो, त्यातलं पुष्कळसं जागेवरच असतं. योग्य खूण कोणी दाखवत नाही एवढंच. डायरी ही अशी खूण आहे. तिच्यात सगळा दिवस उतरवायची गरज नाही, दिवसाकडे नेणारा एक तपशील पुरतो.

पण काही गोष्टी कुठल्याही खुणेने सुट्या करता येत नाहीत. हे मेरिगोल्ड लिंटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञेने वागेनार यांच्याही आधी दाखवलं होतं. १९७२ पासून सहा वर्षं त्या रोज किमान दोन प्रसंग कार्डांवर लिहीत. ५,५०० हून जास्त कार्डं झाली. दर महिन्याला त्यांतली काही अशीच उचलून त्या स्वतःची परीक्षा घेत. लिंटन एका समितीवर होत्या आणि तिच्या बैठकीसाठी त्यांना अधूनमधून दूरच्या शहरात जावं लागे. पहिली बैठक स्पष्ट आठवे. पुढच्या बैठका मात्र एकमेकींत अशा मिसळल्या, की कोण कुठल्या वेळी काय बोललं ते वेगळं काढता येईना. त्यांची ‘बैठकींबद्दलची माहिती’ वाढत गेली आणि एकेक बैठक हरवत गेली. लोकलने वीस वर्षं अप-डाऊन करणाऱ्याला ‘त्यातला एक प्रवास सांगा’ म्हटलं तर तो गर्दीबद्दल सांगेल, चौथ्या सीटबद्दल सांगेल. एक विशिष्ट मंगळवार त्याला सांगता येणार नाही.

विसरणं परवडलं. आठवणीचा खरा उपद्रव वेगळा आहे: ती रिकामी जागा रिकामी ठेवत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितली, काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. एका विद्यार्थिनीने सांगितलं, वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही बघत होते. तिचाच पहिल्या दिवसाचा कागद म्हणत होता, धर्माच्या तासाला बसले होते, काही जण आत आले आणि त्याबद्दल बोलू लागले. ४४ पैकी ११ जणांचं एकही मुख्य उत्तर जुळलं नाही, आणि आत्मविश्वास मात्र बहुतेकांचा दांडगा. त्यांना त्यांच्याच अक्षरातले कागद दाखवले. वाटलं होतं, ते वाचून मूळ आठवण जागी होईल. कोणाचीही झाली नाही. वागेनार यांचे प्रसंग खूण मिळताच परतले होते. इथे नव्या गोष्टीने जुनीची जागाच घेतलेली होती.

म्हणून डायरीकडे मी साक्षीदार म्हणून बघतो, तोही आपल्याविरुद्ध बोलू शकणारा. आणि साक्षीदार पढवलेला नको, म्हणून ती खासगी हवी. कोणीतरी वाचणार हे डोक्यात आलं, की माणूस लिहिताना केस विंचरून बसतो. लंडनच्या सॅम्युअल पेप्सने १६६० ते १६६९ या काळातली आपली डायरी लघुलिपीत लिहिली. भानगडींच्या जागी तर स्पॅनिश-फ्रेंचची खिचडीही केली. प्लेग, लंडनची आग आणि स्वतःचे उद्योग, सगळं त्याच शाईत. दीडशे वर्षांनी जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने सुमारे तीन वर्षं डोकं फोडून ती उलगडली. त्या लघुलिपीचं पुस्तक पेप्सच्याच ग्रंथसंग्रहात तिथल्या तिथे होतं, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

मन मोकळं करण्यासाठी लिहिण्याचे फायदे हल्ली फार जोरात सांगितले जातात. त्याचं मूळ १९८६ सालच्या जेम्स पेनेबेकर यांच्या प्रयोगात आहे. ४६ विद्यार्थी, चार दिवस, रोज १५ मिनिटं. ज्यांनी मनावरच्या आघाताची घटना आणि भावना दोन्ही लिहिलं, ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, हे सांगायचं सहसा राहून जातं. २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा परिणाम खरा पण लहान निघाला. औषध म्हणून डायरी विकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग लिहायचं काय? इथे एक अमेरिकन प्रयोग उपयोगी आहे. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांतल्या लोकांना दोन दिवसांबद्दल लिहायला सांगितलं: एक व्हॅलेंटाइन डे आणि एक त्याच्या आसपासचा साधा दिवस. तीन महिन्यांनी हे वाचायला किती मजा येईल, याचाही अंदाज घेतला. साध्या दिवसाबद्दलचा अंदाज जास्त चुकला. तो वाचताना वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त गंमत आली. मोठे दिवस आपण एरवीही उगाळत असतोच.

‘कालनिर्णय’च्या चौकोनांत दूध, गॅसचा नंबर, कामाच्या ताईंचे खाडे लिहिणाऱ्या घरांनी हे नकळत साधलेलं आहे. वागेनार यांना दगा देणारा ‘कधी’चा खण तिथे छापूनच येतो, भर घालायची ती ‘काय’ची. मुलाने आज कोणता शब्द चुकीचा उच्चारला, शेपूची जुडी कितीला पडली, साहेब नेमकं काय म्हणाले, असं काहीही. फक्त नाव पूर्ण लिहा आणि ‘तो विषय पुन्हा निघाला’ असं मोघम लिहू नका. लिंटन यांच्या ढिगात अशी कार्डं निघाली, की अक्षर त्यांचं, शब्द त्यांचे, आणि नोंद कशाबद्दल आहे याचा त्यांनाच पत्ता लागेना.