वजनावर घ्यावी ती ताडपत्री

हिमायतनगरच्या शिवारात सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस बहुतेक वर्षी एकाच पंधरवड्यात येऊन भिडतात. एका अंगाला पैनगंगा, पलीकडं उमरखेडचा मुलूख, खाली तेलंगणाची हद्द; आभाळ कुठूनही भरून येतं. सोयाबीन कापून गंजी लावलेली असते आणि मळणीयंत्राचा नंबर लागायला अजून दोन दिवस असतात. त्या दोन दिवसांत वर्षभराच्या कमाईवर एकच पांघरूण असतं, ते म्हणजे ताडपत्री.

गंजी भिजली की शेंगा उकलतात, दाण्याला कोंब फुटतात, दाणा काळवंडतो. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनची ओल 12 टक्क्यांपर्यंतच चालते. 2024 च्या हंगामात ओरड झाल्यावर केंद्र सरकारनं ती मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, इतका हा प्रश्न मोठा होता. तरीही ज्या वस्तूवर हे सगळं अवलंबून आहे, ती आपण दुकानात रंग बघून आणि घासाघीस करून घेतो. म्हणून तिच्या पोटात काय असतं ते नीट बघावं असं मला वाटलं.

गावाबाहेरच्या एका शेतात बांधावर जुनी निळी ताडपत्री पडली होती. तिचा फाटका कोपरा हातात घेऊन वरचा निळा पापुद्रा नखानं सोलला. तो कांद्याच्या सालीइतका पातळ निघाला आणि खाली वीण दिसली: दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पट्ट्या, बाजेच्या नवारीसारख्या एकीखालून एक गेलेल्या. त्यातली एक पट्टी सुटी काढून लांबीच्या दिशेनं ओढली तर तुटेना, उलट बोटात रुतली. तीच आडवी फाडली तर सहज चिरत गेली आणि तिचे केसासारखे तंतू झाले. शेजारी उभे असलेले शेतकरी म्हणाले, "उभी लई चिवट हाय बगा, आडवीत दम न्हाई." सगळं तंत्र त्यांच्या त्या एका वाक्यात आलं.

ही पट्टी म्हणजे एचडीपीई, घट्ट जातीचं पॉलिथिन. कारखान्यात त्याचे दाणे वितळवून पातळ पापुद्रा काढतात, तो पट्ट्यांत चिरतात आणि गरम असतानाच पाच-सहा पट ताणतात. ताणल्यावर आतल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एका दिशेनं सरळ होतात. त्या दिशेनं ताकद येते आणि आडव्या दिशेची जाते. ती उणीव वीण भरून काढते, कारण उभ्या पट्टीची कमजोरी आडवी पट्टी सांभाळते. पण नुसत्या विणीतून पाणी गळणार. म्हणून दोन्ही बाजूंनी एलडीपीईचा, म्हणजे मऊ पॉलिथिनचा, वितळलेला थर चढवतात. असे तीन थर मिळून एक ताडपत्री होते. नुसता पापुद्रा असता तर काटा लागल्यावर टर्रकन फाटला असता, नुसती वीण असती तर पट्ट्या सरकल्या असत्या. इथं लेप पट्ट्यांना जागेवर धरतो आणि वीण लेपाची चीर पुढं जाऊ देत नाही.

हे जमतं ते वितळण्याच्या फरकावर. मऊ पॉलिथिन साधारण 110 अंश सेल्सिअसला वितळतं, घट्ट पॉलिथिन 130 च्या आसपास. लेप आणि वीण एकाच कुळातली असल्यामुळं लेप विणीला घट्ट धरतो, आणि जोड मारताना उष्णतेचा हात आवरता धरला तर विणीची ताकद शाबूत राहते. ताडपत्रीच्या मधोमध जे लांब जोड दिसतात ते असेच उष्णतेनं चिकटवलेले असतात. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून ताडपत्री सांधायचा खटाटोप गावोगाव होतो आणि आठवडाभरात ठिगळ निघून येतं, कारण पॉलिथिनवर बहुतेक डिंक बसतच नाहीत. तिथं मध्ये कागद ठेवून बेताच्या गरम इस्त्रीनं दाबलेलं ताडपत्रीचंच ठिगळ टिकतं.

थरावर थर ठेवून पाणी अडवायची कल्पना जुनी आहे. 1823 मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेलं रबर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. ते उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक पडायचं. पॉलिथिन 1933 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत, दुसऱ्याच प्रयोगाच्या ओघात हाती लागलं. घट्ट पॉलिथिनची वाट 1953 मध्ये जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांनी मोकळी केली; त्यांना आणि इटलीच्या ज्यूलिओ नाट्टा यांना 1963 चं नोबेल मिळालं. आपल्याकडं जिला सगळे 'सिल्पोलिन' म्हणतात ती मुंबईच्या सुप्रीम इंडस्ट्रीजची ताडपत्री तर वेगळ्याच वाटेनं जाते. तिच्यात वीण नसतेच. डेन्मार्कचे संशोधक ओले-बेंट रास्मुसेन यांच्या तंत्रानं ताणलेले पापुद्रे असे चिकटवतात की एकाचा कल दुसऱ्याच्या कलाला छेद देतो. चीर एका थरात जिकडं धावू बघते, तिकडं दुसरा थर तिला अडवतो.

शेतात ताडपत्रीचा घात मात्र मधोमध होत नाही, तो कडेला होतो. कडेची दुमड, तिच्यातली दोरी आणि ॲल्युमिनियमची कडी, या तीन गोष्टींवर वाऱ्याचा सगळा हिसका येतो. कडी एका बोटभर जागेत ताण गोळा करते आणि एक दिवस जागेसकट उपटून येते. त्यावर इथल्या लोकांनी जो उपाय काढलाय तो मला फार मोलाचा वाटतो. ताडपत्रीच्या आतून लिंबाएवढा गोटा लावायचा, बाहेरून त्याला वेढा घालून दोरीची गाठ मारायची आणि ती दोरी खुंटीला बांधायची. भोक नाही, कडी नाही. ताण गोट्याभोवतीच्या सगळ्या पट्ट्यांत वाटला जातो. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं मी पाहिलं नाही, छापायला हवं.

दुसरी गोष्ट त्याच शेतात सकाळी दिसली. रात्री पाऊस नव्हता, तरी झाकण उचललं तर आतल्या बाजूला थेंबच थेंब. लेप बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तसा आतला वाफारा बाहेर जाऊ देत नाही. ओलसर गंजी झाकून ठेवली की ती आतून तापते, बुरशी धरते. घोंगडी श्वास घेते, ताडपत्री घेत नाही. "ऊन पडलं की उघडायची, आभाळ आलं की झाकायची, माणूस तिथंच पायजे," हे त्या शेतकऱ्यांचं म्हणणं अगदी खरं आहे.

ऊन हा ताडपत्रीचा खरा वैरी. उन्हातले अतिनील किरण साखळ्या तोडतात, लेपाचे पापुद्रे सुटतात, पट्ट्या हातात भुगा होतात. म्हणून दाण्यातच किरणांपासून वाचवणारं रसायन किंवा काजळी मिसळावी लागते. शेततळ्याच्या अस्तराचा कागद बहुधा काळा असतो तो यामुळंच. त्या 500 मायक्रॉनच्या अस्तरासाठी आयएस 15351 हे वेगळं मानक आहे. भुगा होऊ लागलेली ताडपत्री मात्र कापसाच्या वेचणीला अजिबात वापरू नये. निळे तंतू कापसात मिसळतात, जिनिंगमध्ये बारीक होतात पण निघत नाहीत, आणि पुढं कापडाला रंग देताना तेवढ्या जागी रंग धरत नाही. त्याची किंमत शेवटी आपल्याच भागातल्या कापसाच्या भावातून कापली जाते. कापूस सुती कापडावरच गोळा करावा.

आता खरेदीचं. दुकानात मायक्रॉन सांगतात, रंग दाखवतात, जाडी चिमटीत धरून बघायला लावतात. चिमटीला काही कळत नाही. बघायचं ते जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. हिशेब सोपा आहे. 30 बाय 40 फुटांची ताडपत्री साधारण 111 चौरस मीटर भरते. ती 200 जीएसएमची असेल तर वजन 22 किलोच्या आसपास यायला हवं. 11 किलो भरली तर तुम्ही 100 जीएसएमची घेताय, नाव काही का असेना. वजन वाढवायला स्वस्त भुकटीही मिसळता येते, म्हणून वजनाच्या जोडीला आयएस 7903 आणि आयएसआयचा शिक्का बघावा. लांबी-रुंदी टेपनं मोजावी, कारण कडेच्या दुमडीत बोटं-बोटं जातात. अनुदानावर मिळणारी असली तरी हेच करावं. अनुदान असलं म्हणून गंजी कमी भिजत नाही.

दुकानदार राग मानत असेल तर मानू द्या. काटा त्याच्याच दुकानात असतो. पुढच्या हंगामाआधी ताडपत्री घ्याल तेव्हा ती काट्यावर ठेवूनच घ्या, आणि बिलावर जीएसएम लिहून मागा.