चावडी, धूळपाटी आणि रोडगे

"सर, आजीचा संदर्भ चालत नाही का हो?"

गेल्या वर्षी तास संपल्यावर अकोल्याकडच्या एका विद्यार्थिनीने मला हा प्रश्न विचारला, आणि एम.ए.ची पदवी पदरी असूनही मला चटकन उत्तर सुचले नाही. मराठी विकिपीडियावर आपल्या भागातील एखाद्या गोष्टीविषयी लिहा, असे मीच वर्गाला सांगितले होते.

ज्ञानकोश हा शब्द अमरावतीला परका नाही. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचे शालेय शिक्षण येथे झाले. १९१६ साली त्यांनी नागपुरास कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार जमविले आणि तेवीस खंडांचा संसार उभा केला. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या ह्या नव्या कोशाची तऱ्हा उलटी आहे. येथे लेखकाला मानधन नाही, पानावर जाहिरात नाही. अमेरिकेतील विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था देणग्यांवर यंत्रे चालती ठेवते. काय लिहायचे ते मात्र लिहिणारेच ठरवितात.

मांडणी थेट आपल्या गावासारखी! वाद घालायला 'चावडी', मत द्यायला 'कौल', हात बसेपर्यंत गिरवायला 'धूळपाटी', आणि एकच काम न कंटाळता हजारदा करणाऱ्या यंत्राला 'सांगकाम्या'. ही नावे ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. प्रत्येक पानाला त्याचा 'इतिहास' चिकटलेला असतो: कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला. त्यामुळे खोडसाळाने खरडलेले पुसायला वेळ लागत नाही. फारच झाले, तर सर्वांच्या संमतीने नेमलेले 'प्रचालक' पानाला कुलूप लावतात.

पण दार उघडे ठेवले म्हणजे पाहुणा येतोच असे नाही. त्याला आत ओढतात ती लाल अक्षरे. ज्या विषयाचे पान अजून लिहिलेले नाही, त्याचे नाव तेथे लाल दिसते. पंगतीत एखादा पाट रिकामा राहावा तसे. माझ्या वर्गातील बहुतेकांनी एखादी वेलांटी सुधारली आणि रजा घेतली. ही मुलगी मात्र थांबली. तिने रोडग्यांवर लिहिले: एकीत एक पाऱ्या कशा घालायच्या, गोवऱ्यांच्या आरावर कधी उलटायचे, सोबत वांग्याची भाजी कशी हवी. दोन दिवसांनी मजकुरापुढे दोन शब्द उमटले, 'संदर्भ हवा'.

नियम चूक नाही. ज्याची ओळखदेख नाही असा माणूस लिहितो, तेव्हा छापील आधार मागावाच लागतो. नाहीतर उद्या कोणीही काहीही ठोकून देईल. पण आमच्या वऱ्हाडाचे निम्मे शहाणपण छापलेलेच नाही. ते चुलीपाशी आहे, बांधावर आहे, आणि दरवर्षी थोडे थोडे चितेवर जाते. त्याला संदर्भ कोठून आणावा?

आम्ही ग्रंथालय धुंडाळले. महिन्याभराने पाककृतींच्या एका जुन्या पुस्तकात चार ओळी सापडल्या. तेवढ्यांचा आधार जोडला. आर ओळखण्याची आजीची खूण पुस्तकात नव्हती. ती ओळ मुलीने स्वतःच काढून वहीत उतरविली.

दिवाळीच्या सुटीत तिने ते पान आजीला वाचून दाखविले. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "अन् त्या पुस्तकवालीले कोनं शिकवले वं रोडगे?"