गाणं कुणाचं, गळा कुणाचा

'स्कारबरो फेअर' हे जुनं इंग्रजी लोकगीत. यॉर्कशायरमधल्या स्कारबरोला १२५३ च्या राजाच्या सनदेनं जत्रा भरू लागली. ती पंचेचाळीस दिवस चाले. तिकडे निघालेल्या वाटसरूजवळ प्रियकर जुन्या प्रेयसीसाठी निरोप देतो. ती पुन्हा माझी व्हायची तर तिनं टाका न घालता सदरा शिवावा! ही अशक्य अट ऐकणाऱ्याला चटका लावते.

लंडनमध्ये मार्टिन कार्थी हे गीत गिटारवर गात. १९६५ च्या सुमारास तरुण पॉल सायमन यांनी ते त्यांच्याकडून घेतलं. १९६६ मध्ये सायमन आणि गार्फंकेल यांच्या रेकॉर्डवर ते आलं आणि १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट' चित्रपटातून जगभर गेलं. रेकॉर्डवर कार्थींचं नाव नव्हतं. गीत परंपरेचं खरं, पण गिटारची साथ त्यांनी बसवलेली. ही सल वर्षानुवर्षं राहिली. अखेर २००० मध्ये लंडनच्या कार्यक्रमात सायमन यांनी कार्थींना बोलावलं आणि दोघं ते एकत्र गायले.

लोकगीताला मालक नसतो. पण ज्याच्या गळ्यातून ते आपल्यापर्यंत आलं, त्याचं नाव घेणं हे आपलं देणं असतं. सायमन-गार्फंकेल आवडत असतील, तर एकदा कार्थींनाही ऐका.